काचेला वाकू द्या, वितळवू नका

घरच्या छोट्या विजेच्या भट्टीत काचेच्या थाळ्या करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. आकार छान आला, तडाही गेला नाही, पण मधोमध पांढुरकी झाक आली. नाहीतर तळाला साच्याचे खरखरीत ठसे उमटले, किंवा कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा काचेवर कायमचा बसला. मग बोल लागतो भट्टीला, नाहीतर काचवाल्याला. माझी विनंती एवढीच, की त्याआधी दोन प्रश्न स्वतःला विचारा. काच आत गेली तेव्हा खरोखर स्वच्छ होती का? आणि वाकण्यापुरती तापवायची सोडून आपण तिला उगाच जास्त तापवली का? पृष्ठभागावरच्या बहुतेक दोषांची उत्तरे इथेच सापडतात. उरलेले थोडे दोष काचेच्या जातीत आणि साच्यात असतात.

मी बोलतोय ती काच गल्लीतल्या काचवाल्याकडे खिडकीसाठी मिळते ती, साधी पारदर्शक, ४ किंवा ५ मिलिमीटर जाडीची. हिला फ्लोट काच म्हणतात. वितळलेल्या कथलावर काचेचा रस तरंगत ठेवून ती सपाट करण्याची ही पद्धत इंग्लंडमधल्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली आणि आज जगभर खिडकीची काच अशीच बनते. आपल्याकडे रायगडातल्या तळोज्यालाही असा कारखाना आहे. फ्यूजिंगसाठी, म्हणजे काचेचे तुकडे वितळवून जोडण्यासाठी, मुद्दाम बनवलेली रंगीत काच वापरणाऱ्यांनी खालचे तापमानाचे आकडे घेऊ नयेत. ती काच बरीच आधी, ६५० अंशांच्या आसपास वाकते. तिच्या कंपनीचा तक्ता मिळतो, तो पाळावा. कथलाबद्दलचा भाग सोडला तर बाकीचा सगळा मजकूर दोन्ही काचांना लागू आहे. टफन्ड काच, आरसा आणि ऊन परतवणारा लेप दिलेली काच मात्र या कामाला आणूच नका. टफन्ड काच कापता येत नाही, आणि आरशामागचा रंग व तो लेप भट्टीत जळून डाग सोडतात.

स्वच्छतेवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तिथेच सगळे घाई करतात. काच दिसायला स्वच्छ असणे वेगळे आणि भट्टीत घालण्याइतकी स्वच्छ असणे वेगळे. काचवाला कटरच्या चाकाला रॉकेल लावतो, त्याचा ओशटपणा कडेला राहतो. काच उचलताना त्याच्या आणि आपल्या बोटांचे तेल लागते. वर स्टिकरचा डिंक असतो, मार्करची खूण असते, कडा घासल्या असतील तर घासणीच्या बारीक खाचांत काचेची पांढरी भुकटी बसलेली असते. यातले काही जळून जाते, पण सगळे नाही. जे उरते ते ७०० अंशांना काचेच्या पृष्ठभागात भाजले जाते आणि मग कुठल्याही साबणाने निघत नाही.

म्हणून आधी डिंक आणि मार्कर स्पिरिटने काढा. मग भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब घेऊन काच कोमट पाण्यात धुवा. कडा जुन्या टूथब्रशने घासा, विशेषतः घासणीच्या चाकावर गुळगुळीत केलेल्या. त्यानंतर साबणाचा अंश राहणार नाही इतके भरपूर पाणी ओता. बोअरवेलचे जड पाणी वाळताना क्षारांचे ठिपके ठेवते, म्हणून शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा. बॅटरीत घालायचे पाणी म्हणून ते गॅरेजजवळच्या कुठल्याही दुकानात मिळते. पुसायला पुष्कळदा धुतलेले सुती कापड घ्या, जुने धोतर असेल तर उत्तम. ते धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरलेले नसावे, त्याचा थर काचेवर उतरतो. खिडक्या वर्तमानपत्राने पुसायची आपल्या घरांची जुनी सवय खिडकीपुरतीच ठेवा. कागदाचे तंतू आणि शाई दोन्ही काचेवर राहतात, आणि कागदात भरलेली माती जळून जात नाही. काच पुसायचे फवाऱ्याचे द्रवही इथे नकोत. पुसून झाल्यावर काच फक्त कडेला धरा आणि उजेडासमोर तिरपी करून बघा. डाग दिसला तर पुन्हा पहिल्यापासून. कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय मला तरी माहीत नाही.

हे इतके का, तर त्या पांढुरक्या झाकेमुळे. काच म्हणजे स्फटिक बनायला सवड न मिळालेला पदार्थ. साधारण ७०० ते १००० अंशांच्या दरम्यान तिला रेंगाळू दिले, तर ती सवड मिळते आणि पृष्ठभागावर बारीक स्फटिक धरू लागतात. या धंद्यातली माणसे याला डीव्हिट म्हणतात. स्फटिकाला सुरुवात करायला एखादा कण लागतो, आणि धूळ, बोटाचा ठसा, साबणाचा थर हे सगळे ते काम बिनबोभाट करतात. फ्लोट काचेला डीव्हिट लवकर धरते, फ्यूजिंगच्या काचेला उशिरा. डीव्हिटवर टाकणखाराचे पाणी फासण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. फ्यूजिंगच्या चढ्या तापमानाला तो उपाय चालतो. पण निर्जल टाकणखार ७४३ अंशांना वितळतो, आणि आपण त्याच्या खालीच थांबणार आहोत. तेव्हा या कामात त्याचा उपयोग नाही, उलट त्याचाच पांढरा थर राहायचा.

आता एक वेगळीच झाक, जी डीव्हिटसारखी दिसते पण डीव्हिट नसते. थाळीच्या एकाच बाजूला, जिथे काच वाकली आहे तिथे, धुरकट आणि बारीक सुरकुत्यांची साय दिसते. ही कथलाची करामत. फ्लोट काचेची एक बाजू कारखान्यात कथलावर टेकलेली असते, आणि थोडे कथील तिच्या अगदी वरच्या थरात शिरलेले असते. काच पुन्हा तापवली की ते कथील आणखी ऑक्सिजन घेते आणि तो पातळ थर फुगू पाहतो. वाकताना ही बाजू आकसत असेल तर थराला जागा पुरत नाही आणि तो चुण्या पाडतो. बाजू ताणली जात असेल तर चुण्या दिसत नाहीत. खोलगट साच्यात काच वाकते तेव्हा तिची वरची बाजू आकसते आणि खालची ताणली जाते. म्हणून वाडगा किंवा थाळी करताना कथलाची बाजू खाली, साच्याकडे ठेवा. उलटा घातलेला साचा असेल आणि काच त्याच्यावरून ओघळणार असेल, तर नेमके उलटे, कथलाची बाजू वर.

बाजू ओळखायची कशी? लघुलहरींचा, २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा अंधारात काचेजवळ धरला की कथलाची बाजू दुधट चमकते, दुसरी तशी चमकत नाही. नोटा तपासायचा दिवा चालेल का, असे हमखास विचारतात. नाही चालत, त्याचे किरण दीर्घ लहरींचे असतात. २५४ चा दिवा डोळ्यांना घातक आहे, म्हणून संरक्षक चष्मा लावा आणि दिव्याकडे थेट बघू नका. दिवा विकत घ्यायचा नसेल तर एकाच तावाच्या दोन पट्ट्या कापा, एक उलट आणि एक सुलट ठेवून कुठल्याही खोलगट साच्यात भाजा. जिच्यावर झाक येईल तिची वरची बाजू कथलाची. मग उरलेल्या तावावर, कापून टाकायच्या कोपऱ्यात, खूण करून ठेवा. थाळीच्या जागेवर खूण करू नका.

साच्याकडे वळू. कुंभाराकडची ग्लेझ न दिलेली भाजलेली थाळी साचा म्हणून छान चालते. तिच्यात चाकाच्या रेघा असतात, त्या काचेवर उतरतात, म्हणून आतली बाजू बारीक पॉलिश पेपरने आधीच गुळगुळीत करून घ्या. मातीची आणि साच्याला फासायच्या लेपाची, म्हणजे किल्न वॉशची, धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका, एन-९५ मास्क लावूनच घासा. तळाला दोन-तीन मिलिमीटरची दोन-तीन भोके पाडा आणि साचा भट्टीच्या तळापासून थोडा उचलून ठेवा, म्हणजे काच खाली येताना दबलेली हवा बाहेर पडेल. भोके नसतील किंवा किल्न वॉशने बुजली असतील, तर थाळीच्या मध्यभागी एक बटबटीत फुगा येतो आणि त्याचे पुढे काहीच करता येत नाही. मातीचा साचा थंड होताना काचेपेक्षा कमी आकसतो, म्हणून काच त्याच्या आत बसवावी, त्याच्यावर ओघळू देऊ नये. स्टेनलेस स्टीलचे उलटे, ते काचेपेक्षा जास्त आकसते. काच ओघळवायची असेल तर स्टीलचे भांडे घ्या.

किल्न वॉश म्हणजे ॲल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले यांचे पाण्यातले मिश्रण. ते ताकासारखे पातळ हवे. दाट लेप एकदाच फासण्याचा मोह आवरा, कारण दाट लेपात ब्रशच्या रेघा उमटतात आणि त्या थाळीच्या पाठीवर अगदी वाचता येतात. मऊ, रुंद ब्रशने चार-पाच पातळ हात द्या, प्रत्येक हात वेगळ्या दिशेने, आणि मध्ये तळाला पाणी साचू देऊ नका. भोकांतून टूथपिक फिरवा. वाळल्यावर नायलॉनच्या जुन्या मोज्याने हलकेच घासले की लेप एकसारखा होतो. सुटलेली भुकटी फुंकून नव्हे, व्हॅक्यूमने काढा. काच नुसती साच्यात वाकवण्यासाठी, म्हणजे स्लंपिंगसाठी, हा लेप अनेक भट्ट्या टिकतो. पोपडे दिसू लागले की सगळा खरवडून नवा द्या. पोपड्यांवर ठिगळ लावू नका, ठिगळाची कड काचेवर उमटते.

पावसाळ्याबद्दल वेगळे सांगायला हवे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांना. जून ते सप्टेंबर लेप वाळल्यासारखा दिसतो, पण साच्यात ओल असते. तीच ओल भट्टीत वाफ होऊन काचेखाली अडकते. या दिवसांत लेप दिलेला रिकामा साचा भट्टीत सावकाश २५० अंशांपर्यंत नेऊन अर्धा तास ठेवा, गार झाल्यावरच काच मांडा. दुसरी गोष्ट साठवणुकीची. एकावर एक रचलेल्या तावांमध्ये पाणी शिरून राहिले, की ते काचेतला क्षार ओढून घेते आणि पृष्ठभागच खाते. सुरुवातीला इंद्रधनुषी झाक दिसते, पुढे पांढरे डाग पडतात. धुऊन जात नाहीत ते, आणि भट्टीत तर अधिकच उठून दिसतात. काचवाल्याच्या गोदामात भिंतीला टेकून दोन पावसाळे काढलेला ताव स्वस्तात मिळाला, तरी घेऊ नका. आपले ताव उभे ठेवा, मध्ये कोरडा कागद घाला, आणि जमिनीपासून फळीवर उचलून ठेवा.

आता भट्टी. लावण्याआधी आतून व्हॅक्यूम करा, झाकणही. झाकणाच्या विटेचे कण काचेवर पडतात आणि तिथेच रुततात. साचा पाणसळ लावून सपाट ठेवा, काच मध्यावर मांडा. जरा जरी काच एका बाजूला असली तरी एक कड आधी घसरते आणि लेपावर ओरखडत खाली जाते. साच्याऐवजी फायबर पेपर वापरत असाल तर त्यातला चिकट पदार्थ जळताना धूर होतो. तो बाहेर जाण्यासाठी ४५० अंशांपर्यंत झाकणाला थोडी फट ठेवा.

५ मिलिमीटरच्या, वीतभरापेक्षा थोड्या मोठ्या उथळ थाळीसाठी तासाला १२० ते १५० अंश या वेगाने ५४० पर्यंत चढा. त्याआधी घाई केली तर काच तडकते. ५४० च्या पुढे ६८० पर्यंत त्याच वेगाने जाऊन तिथे थांबा, आणि मग बघत बसा. होय, बघत. कंट्रोलरचा आकडा थर्मोकपल जिथे आहे तिथला असतो, काचेचा नसतो. दोन भट्ट्यांचे आकडे कधी जुळत नाहीत. संरक्षक चष्मा लावून झरोक्यातून दर पाच मिनिटांनी पाहा. काचेत कॉइलचे जे प्रतिबिंब दिसते ते आधी सरळ असते, मग वाकू लागते. वीस मिनिटांत काही हालचाल नसेल तर दहा अंश वाढवा, आणि पुन्हा पाहा. बहुतेक उथळ थाळ्या ७०० च्या आसपास, फार तर ७२० पर्यंत तळाला टेकतात. टेकली की लगेच पुढच्या टप्प्यावर जा, "आणखी पाच मिनिटे, नीट बसू दे" असे म्हणू नका.

यावर नेहमी आक्षेप येतो, की ७६० ला नेले तर पाच मिनिटांत काम होते, मग इतका वेळ कशाला? कारण ७०० ला काच अजून ताठ असते, साच्यातल्या बारीक कणांवरून ती पुलासारखी टेकून जाते. ७६० ला ती कणांभोवती वाहू लागते, आणि साच्याचा प्रत्येक कण, ब्रशची प्रत्येक रेघ तिच्या पाठीवर छापली जाते. वरून डीव्हिटच्या पट्ट्यातही ती आणखी आत शिरते. खोल वाडगा हवा असेल तर एकाच भट्टीत खेचू नका. आधी उथळ साच्यात, मग खोल साच्यात, असे दोनदा करा. एका दमात खोल गेलेल्या काचेची कड दुमडते आणि भिंतीवर ताणाच्या रेघा राहतात.

प्रत्येक भट्टीची नोंद ठेवा, ही विनंती जरा आग्रहाने करतो. काचेची जाडी, साचा, चढण्याचा वेग, कॉइलचे प्रतिबिंब वाकू लागले तेव्हाचा आकडा, टेकली तेव्हाचा आकडा, आणि दोष आला असेल तर कुठे. आपल्याकडे तळेगाव दाभाड्याचा पैसाफंड काच कारखाना १९०८ चा, ओगलेवाडीचा १९१६ चा, म्हणजे मराठी मुलखाला काच नवी नाही. पण ती परंपरा रस ओतण्याची आणि फुंकण्याची, ताव वाकवण्याची नव्हे. विचारायला शेजारी जाणता मिळेल याची खात्री नाही. तुमची वहीच तो जाणता.

थंड करण्याबद्दल थोडक्यात. काच टेकली की भट्टी बंद झाकणाने ५५० अंशांपर्यंत उतरू द्या. लवकर उतरावी म्हणून झाकण उघडू नका, उघड्या झाकणातून धूळ थेट मऊ काचेवर बसते. ५५० ला पाऊण तास, मग ४०० पर्यंत तासाला ६० अंश, आणि पुढे आपोआप. हात लावता येईल इतकी गार होईपर्यंत उघडायचे नाही. मध्येच वीज गेली तर घाबरू नका. भट्टीला हात लावू नका, जनरेटर शोधत धावू नका. चांगली बांधलेली भट्टी बंद राहिली तर स्वतःच सावकाश उतरते. नुकसान होते ते "बघू तरी काय झाले" म्हणून झाकण उचलणाऱ्याकडून. वीज आल्यावर आतला आकडा ५५० च्या खाली गेला असेल, तर दुसऱ्या दिवशी थाळी तपासून ती पुन्हा ५५० पर्यंत सावकाश नेऊन पहिल्यासारखी उतरवता येते.

एवढे करूनही दोष आला, तर पाठीला चिकटलेला किल्न वॉश व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून नायलॉनच्या ब्रशने निघतो. सिलिकॉन कार्बाइडच्या पॉलिश पेपरने, ओल्यातच घासून, डीव्हिटचा थर काढता येतो. पण मग काच मंद होते, आणि तिला पुन्हा चकाकी आणायला जितके तापवावे लागते तितक्यात आकार बिघडतो. मंद काच काहींना आवडते, तर ती तशीच ठेवा. ॲसिडने पृष्ठभाग साफ करून देतो असे कुणी म्हणाले, तर स्पष्ट नाही म्हणा. काच खाणारे ॲसिड हायड्रोफ्लोरिक असते. ते कातडीतून आत शिरते, सुरुवातीला नीट दुखतही नाही, आणि थोडेसेही जिवावर बेतू शकते. त्यापेक्षा ती थाळी मनीप्लँटच्या कुंडीखाली ठेवा आणि काचवाल्याकडून नवा तुकडा कापून आणा.